तिसरी ठमी

“हेमांगी, तुझं घड्याळ रोह्याची तिसरी मांजर मारायला निघालंय,” असं म्हणत निरंजननं माझ्या टेबलावर एक पोस्टकार्ड टाकलं.

मांजर खरी नव्हती हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझ्याबद्दल भलतंच काही समजाल. ‘माऊ’ नावाचा आमचा एक खेळ होता. मोबाइलवर एक मांजर पाळायची, तिला खायला घालायचं, पाणी पाजायचं, चेंडू टाकून खेळवायचं, झोपवायचं. पुण्यात कर्वेनगरला एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस, आणि माणसं मोजून नऊ. दहा-अकरा वर्षं झाली या गोष्टीला.

‘माऊ’चा पहिला भाग निघाला तेव्हा मी तिथं नव्हते. त्यातली मांजर काही केल्या मरायची नाही. खायला नाही दिलं तर नुसती पाठ फिरवून बसायची. लोकांनी आठ दिवस कौतुक केलं आणि नवव्या दिवशी विसरून गेले. दुसऱ्या भागाच्या वेळी मला घेतलं, आणि पहिल्याच बैठकीत मी शहाणपणा केला. “जी मरतच नाही, तिची काळजी कोण कशाला करील?” असं बोलून बसले. जी बोलते तिच्याच गळ्यात काम पडतं. भुकेचं घड्याळ माझ्याकडे आलं.

घड्याळ साधं होतं. मांजरीच्या डोक्यावर तीन बदाम. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नाही, तर संध्याकाळी पाचला एक बदाम गळून पडतो. गळलेला बदाम परत येत नाही. तिसरा गळला की मांजर गेली. दुष्टपणाच होता, पण खेळ काय चालला म्हणून सांगू! लोक ऑफिसातून घरी फोन करून विचारायला लागले, माऊला घातलंस का गं काही? दुसऱ्या भागानं आमचं नाव केलं आणि तिसरा भाग पाच भाषांत काढायचं ठरलं. त्याची प्रमुख मी होणार होते. सत्तावीस वर्षांची पोर, आईनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि मग या तक्रारी सुरू झाल्या.

एकशे बारा लोकांच्या मांजरी अशा मरत होत्या, की कारणच सापडेना. नोंदी काढून बघितल्या तर सगळीकडे तोच प्रकार. महिनाभर मांजरीला दिवसातून चार-चार वेळा खायला घातलेलं, एक खाडा नाही. आणि दर एकोणतीस-तीस दिवसांनी मध्येच एक दिवस असा यायचा की सकाळपासून पोटात काहीच नाही, नुसतं पाणी. मग भलत्याच वेळी एकदम पोटभर जेवण. आमच्या नोंदी विलायती वेळेनं व्हायच्या, त्यामुळे ती भलती वेळ म्हणजे नक्की किती वाजता, हेही चटकन कळायचं नाही. दर महिन्याला ती बदलायची, ते वेगळंच. निरंजन म्हणजे आमचा मालक आणि सगळ्यात जुना प्रोग्रामर. त्याचं मत पक्कं होतं. “इतक्या प्रेमानं खायला घालणारा माणूस एक दिवस कसा विसरेल? त्यानं घातलेलं असणार. तुझं घड्याळ ते मोजत नाहीये.”

मी तीन आठवडे घड्याळाची ओळ न् ओळ तपासली. काही सापडलं नाही. रात्री स्वप्नात बदाम गळायचे. आईला वाटलं पोरीचं कुठंतरी जमलंय आणि सांगत नाहीये.

पोस्टकार्ड पाठवणाऱ्या एकट्या रोह्याच्या कुसुम टिपणीस होत्या. बाकी सगळे ईमेल करणारे. एप्रिलपासून त्यांची सात कार्डं आली होती, सगळी एकाच तऱ्हेची, शाईच्या पेनानं, समास सोडून लिहिलेली. सातवं असं होतं: ‘आपल्याकडील मांजर ठमी, तिसरी, हिचाही दुसरा बदाम गळाला. आधीच्या दोन वारल्याचे कळवले होतेच. दोष आपल्या मांजरींत आहे की कसे, हे लेखी कळवावे. लेखीच कळवावे.’ शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ होती.

“बुधवारी तिसावा दिवस भरतोय,” निरंजन म्हणाला. “जा रोह्याला. बाईंच्या समोर बस. त्यांनी खायला घातलं आणि तरी बदाम गळला, तर घड्याळ चुकलं. मग तिसरा भाग तुझ्याकडे राहणार नाही, आधीच सांगतो. वाईट वाटून घेऊ नकोस.”

वाईट कसलं वाटून घेऊ नकोस! मी जिन्यात जाऊन रडले.

बुधवारी पहाटेची एसटी धरली आणि ताम्हिणीतून उलट्या आवरत अकराला रोह्यात उतरले. पोस्टाच्या मागं दोन खोल्यांचं स्वच्छ घर. दार उघडलं ती बाई साठीच्या पुढची, काटक, चष्म्याला दोरी बांधलेली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं म्हणे, आणि ते सांगायची गरज नव्हती.

“मांजरवाल्या ना तुम्ही?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “मला वाटलं कुणी मोठं माणूस पाठवतील.”

“मीच ते घड्याळ बनवलंय, काकू. मला अगंतुगंच करा.”

“तू?” त्या म्हणाल्या. “बरं, आत ये. हातपाय धू.”

खाटेजवळच्या स्टुलावर टॅब ठेवलेला, खाली विणलेला रुमाल. पडद्यावर ठमी बसलेली, पिवळी, कान जरा वाकडे, डोक्यावर एकुलता एक बदाम. मी लॅपटॉप उघडला, ऑफिसशी जोडला. आमच्या नोंदीत आदल्या रात्री साडेआठला मासा आणि भात. आज सकाळी पाणी. पुन्हा पाणी.

निरंजननं बजावलं होतं, आठवण करायची नाही, नुसतं बघायचं. म्हटलं, आत्ता घालतील, मग घालतील.

बाराला काकूंनी माझं पान मांडलं. वरण, भात, वर तुपाची धार, बटाट्याची भाजी, लोणचं. एसटीनं पोट ढवळलेलं, तरी मी आडवा हात मारला.

“तुम्ही नाही बसत?”

“मला आज चतुर्थी.”

“हो का,” मी म्हटलं आणि आणखी भात वाढून घेतला. खरंच सांगते, माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

एक वाजला. काकूंनी ठमीला पाणी पाजलं. दोन वाजता ठमी आडवी झाली. तिचे डोळे बारीक झाले आणि ती तो आवाज काढायला लागली, तो मीच बसवलेला, ऑफिसातल्या दाराच्या बिजागरीचा. काकूंनी पडद्यावरून बोट फिरवून तिला थोपटलं, आणि तोंडानं ‘हो हो, झालं हं, झालं’ असं पुटपुटल्या. पण जेवणाच्या यादीकडे बोट नेलं नाही.

मला राहवेना. निरंजन गेला खड्ड्यात. “काकू, आज तिला खायला नाही घातलंत?”

“आज?” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मीच काहीतरी अचरट बोलले. “आज कसं घालणार?”

“म्हणजे?”

“आत्ता सांगितलं ना तुला, संकष्टी आहे म्हणून.”

“ती तुम्हाला. पण ठमीला?”

“तिला काय वेगळी? घरातलीच ना ती?”

“मला तर जेवायला वाढलंत!”

“तू पाहुणी. पाहुण्याला उपाशी ठेवतात का कुठं?” त्या म्हणाल्या. “आज चंद्रोदय नऊ सोळाला आहे. नऊ सोळाला नैवेद्य दाखवला की आम्ही दोघी जेवणार.”

मी आ वासून बसले. महिन्यातून एक दिवस. रात्री भलत्याच वेळी जेवण, आणि दर महिन्याला ती वेळ निराळी. अरे देवा! कर्वेनगरात आम्ही नऊ शहाणे तीन आठवडे तक्ते मांडून बसलो होतो आणि काल रात्री आमच्याच घरात आईनं साबुदाणा भिजत घातलेला मी डोळ्यांनी बघितला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! एकशे बारा घरांत मांजरी चतुर्थी धरत होत्या.

“पण काकू, उपास म्हणजे अगदी काहीच नाही असं कुठं असतं? फराळाचं चालतं की.”

“चालतं ना! माझी मुलं लहान होती तेव्हा मी त्यांना भरपूर करून घालायची.” आता त्यांचा गणिताच्या बाईंचा आवाज लागला. “पण तुमच्या यादीत आहे काय? मासा. भात. बिस्किट. आम्हाला मासे वर्ज्य नाहीत हो, उलट रोज लागतात. पण चतुर्थीला मासा? यादी करताना कुणाला सुचलं नाही का, की बाई, लोकांच्या घरात उपासतापास असतात? दूध तरी ठेवायचं. मांजराच्या खेळात दूध नाही, याला काय म्हणायचं?”

यादी आमच्या चित्रकारानं, उस्माननं केली होती, पण मान्य मी केली होती. दुधाचं चित्र पांढऱ्यावर पांढरं दिसेना म्हणून काढून टाकलं होतं.

मी ओसरीवर आले आणि निरंजनला फोन लावला. धडाधड सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला.

“म्हणजे घड्याळ बरोबर आहे! हेमांगी, सुटलीस तू!”

“सुटले!” मी म्हटलं. खरंच इतका जीव भांड्यात पडला की मी ओसरीवर एक गिरकी घेतली. समोरच्या घरातली बाई बघायला लागली.

“आता एक कर. काही करू नकोस. पाचला बदाम गळू दे, मांजर मरू दे, नोंद होऊ दे. पक्का पुरावा. उद्या मी बाईंना आणि बाकीच्या सगळ्यांना उत्तर धाडतो. आमच्याकडे दोष नाही, मांजर आपण उपाशी ठेवल्यामुळे मेली. संपला विषय.”

“बरं,” मी म्हटलं आणि आत आले. घड्याळात पावणेतीन झाले होते.

मला तोंड बंद ठेवता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. गप्प बसून पाच वाजेपर्यंत थांबले असते तर आज कुठं असते! पण शांतता खायला उठली म्हणून मी आपलं विचारलं, “काकू, हा खेळ तुम्हाला कुणी दिला?”

“मला कोण देतंय? ह्यांचा तो.” त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान केली. हार सुकलेला नव्हता, रोज बदलत असणार. “पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. मुलानं हे आणून दिलं, म्हटलं विरंगुळा. तर काय, दिवसभर ठमी! दोन वर्षं. तिला बोटानं भरवायचे. माझ्याशी बोलता यायचं नाही, पण ठमीनं उडी मारली की हसू यायचं तोंडावर, अर्ध्याच. जानेवारीत गेले.”

मी उठून फोटो जवळून बघितला.

“मग मी सांभाळली तिला. कशात काही कमी केलं नाही, तुमच्याकडे नोंद असेल. पण ती काही रमली नाही माझ्यात. तीन महिने झुरली बिचारी आणि एप्रिलमध्ये गेली. सगळे म्हणाले, मालकाच्या पाठोपाठ गेली. माझी जाऊ आली होती भेटायला, ती तर रडली. म्हणाली, मुक्या जिवाची माया बघ वहिनी.”

एप्रिल. जानेवारी संपल्यापासून एप्रिलपर्यंत तीन चतुर्थ्या आणि तीन बदाम. बोटांवर मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. पहिली ठमी झुरून गेली नव्हती. ह्यांची ठमी. काकूंनीच तिला उपास घडवला होता. आणि उद्या निरंजनचं टाइप केलेलं पत्र या घरात येणार होतं: मांजर आपण उपाशी ठेवल्यामुळे मेली.

काय करावं ते कळेना. खरं बघितलं तर हसण्यासारखी गोष्ट. चित्रातली मांजर, चित्रातला मासा. तिच्या मरणाचं मी का एवढं मनाला लावून घ्यावं? दोन वर्षं राबले होते मी तिसऱ्या भागासाठी. कुठली कोण कुसुम टिपणीस. आणि तरी मी त्या खोलीत उभी राहून ओढणीचं टोक चावत होते.

सव्वातीनला पुन्हा ओसरीवर गेले आणि या खेपेला उस्मानला फोन लावला. जेवणाची यादी उस्मान मुलाणीच्याच हातात होती.

“उस्मान, आत्ताच्या आत्ता यादीत साबुदाण्याची खिचडी टाक.”

“कुठं, तिसऱ्या भागात?”

“नाही रे, दुसऱ्याच्या. चालू खेळात. रोह्याच्या टॅबवर दिसली पाहिजे, पाचच्या आत.”

“वेड लागलंय का? निरंजन फाडून खाईल. न विचारता चालू खेळाला हात लावायचा म्हणजे...”

“माझं नाव सांग. मी सांगितलं म्हणून केलंस असं म्हण.”

“माझी अम्मी रोज्यात कोंबड्यांनाही दिवसा दाणे टाकायची नाही,” तो म्हणाला. “अब्बांनी बघितलं तेव्हा केवढे ओरडले होते. थांब, भाताचंच चित्र घेतो आणि त्यात दाणे, मिरची टाकतो. पण साबुदाणा दिसणार नाही हां नीट.”

“दिसला नाही तरी चालेल. नाव मोठं लिही.”

चार वाजले. साडेचार. ठमीचा आवाज बारीक झाला होता. काकूंनी स्टुलाशेजारी पाट घेतला, मांडीवर हात ठेवून बसल्या आणि बदामाकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी वगैरे नाही. परीक्षेत मुलांवर नजर ठेवतात तशी त्यांची नजर होती. मला ती नजर कळेना. ज्यांना इतकी माया, त्या निदान चुळबुळ करतील की नाही?

पाचला दहा मिनिटं कमी असताना टॅब टुणकन वाजला.

“काकू, बघा, यादीत नवीन काहीतरी आलंय.”

त्यांनी चष्मा सारखा केला. “सा-बु-दा-ण्या-ची खिचडी,” वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. “हे सकाळी नव्हतं.”

“आत्ताच आलं. चतुर्थीला चालेल ना?”

“कांदा नाही ना घातलेला?”

“नाही हो काकू!”

त्यांचं बोट यादीवर जाऊन थबकलं. इतका वेळ थबकलं की मला वाटलं आता मीच उठून दाबते. मग त्यांनी दाबलं. भातासारखी दिसणारी ती उस्मानची खिचडी वाटीत पडली, ठमी उठली, वाटीत तोंड घालून सगळं चाटूनपुसून खाल्लं. पाच वाजले. बदाम होता तिथंच होता.

मी हुश्श केलं. काकू मात्र हलल्या नाहीत.

“म्हणजे भूकच लागली होती तिला,” त्या म्हणाल्या.

“काकू...”

“थांब. मला नीट सांग. आधीच्या दोघी भुकेनं गेल्या का?”

झालं! ज्याला भीत होते तेच. मी तोंड उघडलं आणि काय निघेल याचा मलाच पत्ता नव्हता.

“नाही, काकू. एका दिवसाच्या उपासानं मांजर मरते का कुठं? आमचं घड्याळ बिघडलंय. ते मी बनवलंय आणि मीच चुकले. आधीच्या दोघी माझ्या चुकीनं गेल्या.”

“खोटं नाही ना बोलत? आज चतुर्थी आहे.”

“नाही,” मी म्हटलं. माझं पोट वरणभातानं भरलेलं होतं, त्यामुळे मला काही नेम लागू नव्हता, अशी मनाची समजूत घातली. आणि खोटं तरी किती होतं ते? खऱ्या मांजरीला एक दिवस नाही दिलं तर ती शेजारी जाऊन ताव मारते, मरत नाही. मी बनवलेली मरत होती. त्या क्षणी माझं मलाच कळेना, मी खोटं बोलतेय की खरं.

“लिहून दे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी वही आणली, शाईचं पेन आणलं. मी लिहिलं: ‘ठमी पहिली आणि ठमी दुसरी यांचा मृत्यू भुकेच्या घड्याळातील दोषामुळे झाला. श्रीमती कुसुम टिपणीस यांच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही. हेमांगी खटावकर.’ त्यांनी तारीख घालायला लावली. कंपनीचं नाव घालायला लावलं. मग कागद हातात घेऊन दोनदा वाचला, आणि एकाएकी ती काटक बाई पाटावर बसल्या बसल्या अशी रडायला लागली, की मी घाबरले.

“मला कळलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या वेळीच. चतुर्थीला बदाम गळतो हे न कळायला मी काय दुधखुळी आहे? तीस वर्षं गणित शिकवलं मी. ह्यांचा जीव तिच्यात होता आणि मी तिला मारली. जाऊ रडत होती, मालकाच्या पाठोपाठ गेली म्हणत होती, आणि मी मान डोलवत होते. सांगायचं कुणाला?”

“मग दुसरी का आणलीत?”

“बघायला. तिलाही तसाच उपास धरायला लावला. ती जगली असती तर पहिली माझ्या हातानं गेली नाही, हे सिद्ध झालं असतं. पण तीही गेली. म्हटलं, दोनावरून काही ठरत नाही. मग ही आणली.”

“आणि आज ही गेली असती तर?”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. “चौथी आणली असती,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांचा हात धरला. साडेसहाची शेवटची एसटी होती. निघताना त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, “चुकलीस तर चुकलीस. पोटच्या पोरीसारखी कबूल तरी केलंस. कुणी रागावलं तर मला कळव, मी लिहीन त्यांना.”

दुसऱ्या दिवशी निरंजन माझ्या आधी ऑफिसात येऊन बसला होता. उस्मान कोपऱ्यात मान खाली घालून. पडद्यावर कालच्या नोंदी उघड्या.

“घड्याळ सेकंदाला बरोबर आहे,” निरंजन म्हणाला. “खिचडीचं मी विसरतो, जा. कल्पना वाईट नाही, तिसऱ्यात ठेवू. बाईंना पत्र तयार आहे, वाच.”

मी वाचलं. मांजर आपण उपाशी ठेवल्यामुळे, वगैरे. अक्षर न् अक्षर खरं होतं.

“हे पाठवू नकोस,” मी म्हटलं. “दोष माझा आहे. मी त्यांना तसं लिहून दिलंय. कंपनीच्या नावानं.”

निरंजन उठूनच उभा राहिला. “लिहून दिलंस? कशाला? दोष नाहीये तुझा, मूर्ख!”

“आहे.”

“अगं, नोंदी समोर दिसतायत! उद्या तो कागद बाहेर आला तर लोक म्हणणार, खेळातच खोट आहे. मी तिसरा भाग तुझ्या हातात कसा देऊ? तो कागद खोटा आहे असं बाईंना कळव, नाहीतर...” तो थांबला. त्याला तसं बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला होता.

“नाहीतर काय ते लिही,” मी म्हटलं. “सही करते.”

त्यानं खरंच कागद ओढला आणि लिहिलं: दुसऱ्या भागात भुकेच्या घड्याळात दोष, जबाबदारी हेमांगी खटावकर यांची, तिसऱ्या भागाच्या कामातून त्यांना मुक्त करण्यात येत आहे. त्याला वाटत होतं मी मध्येच कुठंतरी हात धरीन. मला रडू येत होतं, ते का लपवू? माझा भाग होता तो. त्यात नव्यानं येणाऱ्या पोपटाचं आणि कुत्र्याचं नावसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. आईला काय सांगायचं, तेही डोळ्यांपुढं आलं.

“हेमांगी, आता तरी सांग,” निरंजन पेन माझ्यापुढं धरून म्हणाला. राग गेला होता, नुसता गोंधळलेला दिसत होता. “एका म्हाताऱ्या बाईच्या चित्रातल्या मांजरीसाठी? का?”

“त्यांनी चौथी आणली असती,” मी म्हटलं.

“चौथी काय?” त्यानं विचारलं.

मी सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.